हिकरी फोर्कची सरकती शीव

"चार पोरं जन्माला घातली मी! एक गाव जन्माला घालायला असा काय वेळ लागतो?"

विलोडीन थार्पनं हे भर चर्चमध्ये, रविवारची प्रार्थना संपल्यासंपल्या जाहीर केलं आणि हिकरी फोर्कच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. तिचा नवरा हॉइट तेवढा गप्प होता. त्या चारही पोरांच्या वेळी तो दवाखान्यात हजर होता. शेवटी बोलणी कोणाला खावी लागतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता हिकरी फोर्क हे गाव होतंही आणि नव्हतंही. म्हणजे बघा, चर्च होतं, दफनभूमी होती, हार्डवेअरचं दुकान होतं, भांडणं तर हवी तेवढी होती. पण कागदोपत्री गाव नव्हतं. नगराध्यक्ष नाही, नगरसभा नाही, काही नाही! इथलं जे काही ठरायचं, ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत ठरायचं. आणि काउंटीवाले ठरवायचे तरी काय! जिथे समोरून गाडी आली की दोन्ही ड्रायव्हर उतरून गप्पा मारत उभे राहतात, त्या हायवेच्या कोपऱ्यावर त्यांनी गोल चक्कर बांधलं. जो रस्ता सरळ ओढ्यात जाऊन संपतो, त्याच्या अगदी टोकाला गतिरोधक घातला. बसथांबा तर इतका छान बांधला की बघत राहावं. बस तेवढी नव्हती.

"का?" विलोडीन विचारायची.

हा 'का' म्हणजे तिचा जुना आजार. घराच्या पोर्चवर तिचं केस कापायचं दुकान होतं आणि गळ्याभोवती फडकं बांधून खुर्चीत बसलेला माणूस उत्तर दिल्याशिवाय सुटायचा नाही. कानाशी कात्री असताना कोण कशाला खोटं बोलेल? अख्ख्या हिकरी फोर्कच्या पोटातली गुपितं त्या खुर्चीत बाहेर पडलेली होती. पण काउंटीचे नियोजन अधिकारी लेलँड कॅलवे आपले केस शहरात कापून घ्यायचे. त्यामुळे ते सुटले होते! महिन्याच्या सभेत विलोडीन माइकसमोर उभी राहायची, बोलायला मिळालेली तीन मिनिटं 'का, का आणि का' करण्यात घालवायची आणि कॅलवेसाहेब हसून म्हणायचे, "फार चांगला प्रश्न आहे, मॅडम." मग घंटा वाजायची, की पुढचा माणूस!

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या वर्षी काउंटीनं ठरवलं, की थर्मन स्कॅग्जच्या शेतावर कारखाना येऊ द्यायचा. साधासुधा नाही. कोंबड्यांची पिसं आणि आतडी उकळून त्यांची पूड करणारा! असा एक कारखाना शेजारच्या काउंटीत होता. त्या बाजूचे लोक वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा धुवायचे म्हणे. नाकं तर धुताही येत नव्हती.

आणि थर्मनच्या शेताला लागूनच दफनभूमी. तिथे विलोडीनची आई होती.

"माझी आई जन्मभर अंगाला लॅव्हेंडरचं पाणी लावून हिंडली," विलोडीन हॉइटला म्हणाली. "तिला मी आता कोंबडीच्या आतड्यांच्या वासात ठेवू? कधीच नाही!"

म्हणून गाव! आपलं गाव झालं, की आपल्या हद्दीतल्या शेतात काय उभं राहायचं ते आपणच ठरवणार. हद्दीच्या नकाशासकट अर्ज दाखल झाला, की काउंटीला कारखान्याचा निर्णय थांबवावा लागणार होता. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. एका थर्मननं केली नाही.

थर्मन ऐंशी पार केलेला, एकटा, टकलू. त्याचं घर शेताच्या कडेला, गावाच्या पार पूर्वेच्या टोकाला. दिवसभर पोर्चवरच्या झुलत्या खुर्चीत बसायचा. कुंपणात त्याचा सेनेटर नावाचा बैल. टक्कल असल्यामुळे विलोडीनच्या खुर्चीत तो कधी आलाच नव्हता. त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. सही मागायला विलोडीन गेली, तेव्हा तो कागद परत करत म्हणाला, "काय करायचंय गाव?" झालं! त्यात मंटगमरी शहराहून आलेली एक पांढरीशुभ्र गाडी त्याच्या फाटकाशी कोणीतरी बघितली होती.

"विकतोय!" विलोडीननं निकाल दिला. "म्हातारा शेत विकतोय!"

"कोण म्हणालं?" हॉइटनं विचारलं.

"कोणी म्हणायला कशाला हवं? दिसतंय ना!"

आता घोटाळा कुठून सुरू झाला, ते सांगतो. गावाच्या समितीचे चिटणीस होते डेलमर ग्रिग्ज, शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. शुक्रवारच्या बैठकीला त्यांनी पाच विषय आणले होते. पहिला विषय होता गावाच्या पाटीचा रंग. विलोडीननं विचारलं, हिरवाच का? मग विचारलं, पांढरी अक्षरंच का? मग पाटी डाव्या बाजूलाच का? इतक्यात चर्चच्या तळघरातली कॉफी संपली आणि लोक उठले. पाचवा विषय होता हद्दीचे खुंट. तो डेलमरमास्तरांच्या खिशातच राहिला.

मास्तर शिस्तीचे. रविवारी दुपारी, तळलेलं चिकन खाऊन सगळी वस्ती पालथी पडली होती, तेव्हा ते एकटेच गेले आणि तेवढीच हद्द आखायची राहिली होती त्या गावाच्या पश्चिम बाजूला, मिल रोडवरच्या घरांच्या पाठीमागून, ओळीनं खुंट ठोकून आले. गुरुवारी मोजणीदार येणार, खुंटाखुंटांवरून रेघ मोजणार आणि नकाशा परस्पर काउंटीत पोचवणार, असं सगळं ठरलेलं. मास्तरांनी हात झटकले, गाडीत बसले आणि चॅटनूगाला मुलीकडे जुळी नातवंडं बघायला निघून गेले.

फक्त एक झालं. खुंट लांबून दिसावेत म्हणून मास्तरांनी त्यांना फिती बांधल्या होत्या. मास्तर घरातली सुतळीसुद्धा न टाकणारे! गोल चक्कर बांधून झाल्यावर कंत्राटदाराची फितीची एक गुंडाळी चरात पडली होती, ती त्यांनी जपून ठेवली होती. तीच वापरली. गुलाबी.

आणि हिकरी फोर्कमध्ये गुलाबी फीत म्हणजे एकच. गोल चक्कर येण्याआधी गुलाबी फितीचे खुंट आले होते. गतिरोधकाआधी तेच. रस्ता रुंद करताना शाळेजवळची पीकॅनची झाडं तोडली, त्याआधीही तेच! इथलं शेंबडं पोरसुद्धा गुलाबी फीत बघून घरात पळायचं.

सोमवारी सकाळी विलोडीन कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडी काढायला गेली आणि तशीच ओरडत आत आली.

"हॉइट! ऊठ! काउंटी आली!"

"या म्हणावं," हॉइट पांघरुणातून म्हणाला. "कॉफी ठेव."

"अरे मेल्या, मागच्या दारी आली! खुराड्याच्या मधोमध खुंट ठोकलाय!"

हॉइट पायजम्यातच बाहेर आला. खरंच, एक खुंट खुराड्याजवळ, एक अंजिराच्या झाडाशी, पुढचा शेजारच्या कॉबच्या टोमॅटोत आणि तशीच ओळ मिल रोडभर! विलोडीन कंबरेवर हात ठेवून त्या ओळीकडे बघत राहिली. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, वाकून एका डोळ्यानं बघितलं. डोक्यात चाकं फिरत होती.

"रस्ता!" ती एकदम म्हणाली. "कारखान्याचे ट्रक जायला रस्ता! माझ्या खुराड्यातून! मी प्रश्न विचारते ना, म्हणून मुद्दाम!"

"मग कचेरीत फोन करून विचारू या का?"

"विचारू? वर्षभर काय करतेय मी? आता विचारायचं नाही. आता करून दाखवायचं!"

"उपटायचे?"

"उपटले तर उद्या नवे ठोकतील. सरकवायचे! नुसते रस्त्यापलीकडे. ओळ तशीच राहिली, की त्या दिवट्यांना काही कळणार नाही."

"पलीकडे रूबी नेलचं अंगण आहे," हॉइट म्हणाला.

"अंगण नाही रे, अंगणाची कड!"

रूबी नेल ही विलोडीनची पहिलीपासूनची मैत्रीण. एकमेकींच्या लग्नात रडलेल्या, एकमेकींच्या आया पुरताना एकमेकींचा हात धरलेल्या. पण माणसाला आपलं खुराडं प्रिय असतं, त्याला काय करणार? विलोडीननं खुंट उपटून दिले, हॉइटनं रस्त्यापलीकडे ठोकले. शेजारचा कॉब कुंपणावरून सगळं बघत होता. तासाभरात त्याच्या टोमॅटोतला खुंटही रस्ता ओलांडून गेला. मग त्याच्या शेजारच्याचा. दुपारपर्यंत अख्ख्या मिल रोडच्या मागची ओळ मिल रोडच्या पुढे जाऊन उभी राहिली!

दुपारी विलोडीननं रूबी नेलच्या अंगणाच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. आता हिकरी फोर्कमध्ये 'चुकलं माझं' असं तोंडानं कोणी म्हणत नाही. भांड्यानं म्हणतात. ती स्वयंपाकघरात गेली आणि केळ्याचं पुडिंग केलं. खाली बिस्किटं, वर फेसाळ साय, मोठा काचेचा वाडगा. वाडग्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर नाव, 'वि. थार्प'. तसं नाव न घालता भांडं घराबाहेर काढलं, तर ते परत येत नाही हा इथला अनुभव.

रूबी नेलनं दार उघडलं आणि वाडगा बघून छातीवर हात ठेवला. "अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी नाही गं! सहज आणलं."

"सहज? विलोडीन, तुझ्या पोराच्या लग्नातसुद्धा तू पुडिंग सहज केलं नव्हतंस. काय झालंय? डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला?"

"मी ठणठणीत आहे! खा मुकाट्यानं!" असं म्हणून विलोडीन जवळजवळ पळतच घरी आली.

मंगळवारी सकाळी तिनं खिडकीतून हळूच बघितलं. रूबी नेलच्या अंगणाच्या कडेचे खुंट गायब! शेजारच्या अंगणांतलेही गायब! विलोडीनचा जीव भांड्यात पडला. "बघ! काउंटीवाले घाबरले, घेऊन गेले!" तिनं हॉइटला सांगितलं. पण तेवढ्यात तिला दुसरंच काही दिसलं. रूबी नेल मागच्या दारानं निघाली होती, एका हातात कॉबलर, म्हणजे पीच घालून भाजलेला गोड पदार्थ, दुसऱ्या हातात विलोडीनचाच पुडिंगचा वाडगा. चमचासुद्धा न लागलेला! आणि ती सरळ चर्चकडे, पास्टर एमेट यांच्या घराकडे चालली होती.

"माझं पुडिंग पास्टरकडे का चाललंय?" विलोडीननं विचारलं.

"पास्टरना आवडत असेल," हॉइट म्हणाला.

"पण आज? आणि कॉबलर कशाला? पास्टरकडे काय झालंय?"

बुधवारी तर कमालच झाली. सकाळपासून वस्तीत माणसं झाकलेली भांडी घेऊन फिरत होती. हिच्याकडून चीज घालून भाजलेलं कॅसरोल, तिच्याकडून मक्याचा ब्रेड, कोणाचा चिकनचा रस्सा. मयत झालेलं नसताना मयताचं जेवण निघालं होतं! आणि सगळी भांडी एकाच दिशेनं, पूर्वेकडे. त्यातच पास्टर एमेट दिसले. डोक्यावर हॅट, चेहरा कबुलीला निघाल्यासारखा, हातात विलोडीनचा वाडगा. ते चालले होते थर्मन स्कॅग्जच्या फाटकाकडे!

विलोडीनला राहवेना. संध्याकाळी चर्चमधल्या जेवणाला तिनं रूबी नेलला गाठलं. "अगं, ते पुडिंग—"

"मस्त झालं होतं!" रूबी नेल घाईघाईनं म्हणाली आणि तिची नजर जमिनीला खिळली. "साखर अगदी बेताची!"

खोटारडी! विलोडीनच्या जिभेवर 'का' येऊन बसला होता. पण विचारायचं कसं? रूबी नेलनं उलट विचारलं असतं, की पुडिंग तू तरी का आणलंस, तर? आयुष्यात पहिल्यांदा विलोडीननं एक प्रश्न गिळला. तो तिच्या घशात काट्यासारखा अडकून बसला. आजूबाजूला बघितलं तर सगळेच एकमेकांशी इतकं गोड बोलत होते, की तिला भीतीच वाटायला लागली.

त्याच दुपारी फाटकावरून जाणाऱ्या हॉइटला थर्मननं हाक मारली होती. "हॉइट, एक सांग. मी मेलो की काय? पेपरात काही आलंय का?"

"नाही बुवा. का?"

"नाही, माझ्या टेबलावर तीन मयतांचं जेवण जमलंय, म्हणून विचारलं!"

गुरुवारी मोजणीदार आला. मुकाट माणूस. त्यानं तिपाई लावली, डोळा लावला आणि जिथे गुलाबी फिती दिसल्या तिथून मोजणी केली. विलोडीनला तो थर्मनच्या कुंपणाशी वाकलेला दिसला, तेव्हा ती दात-ओठ खात म्हणाली, "बघितलंस? शेत मोजून घेतोय म्हातारा! कारखान्याला द्यायला!"

सोमवारी संध्याकाळी काउंटीच्या सभागृहात हिकरी फोर्क लोटलं होतं. डेलमरमास्तर जुळ्यांचे फोटो दाखवत परत आले होते. विलोडीननं निळा ड्रेस घातला होता, ओठांना रंग लावला होता आणि भाषण पाठ केलं होतं. अगदी मागच्या बाकावर थर्मन एकटा बसलेला दिसला. विकायलाच आलाय, तिच्या मनात आलं.

"आम्हाला कोणी विचारत नाही," ती माइकवर म्हणाली, "म्हणून आम्ही आमचं गाव करतोय! इथे प्रत्येक माणूस शेजाऱ्यासाठी उभा राहतो! हा बघा आमच्या गावाचा नकाशा!"

टाळ्या! दिवे मंद झाले. पडद्यावर नकाशा आला. लाल रेघ.

कॅलवेसाहेबांनी चष्मा लावला. मग काढून पुसला. पुन्हा लावला. उठून पडद्याजवळ गेले. आणि त्यांच्या नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्यावर विलोडीननं कधी न बघितलेलं काहीतरी उमटलं. त्यांना खरोखर उत्सुकता वाटत होती!

"मॅडम, इतकी वर्षं नकाशे बघतोय, पण असा बघितला नाही. यात आपलं घर कुठे आहे?"

"हे काय, हे इथे..." विलोडीनचं बोट पडद्यावर फिरलं. मिल रोड रेघेच्या बाहेर होता. सगळाच्या सगळा!

"चर्च?"

चर्च बाहेर.

"हार्डवेअरचं दुकान?"

बाहेर! अंगण झाडावं तशी कोणीतरी केरसुणी फिरवून सगळी वस्ती हद्दीबाहेर लोटून दिली होती. आत काय उरलं होतं? थर्मन स्कॅग्जचं घर, थर्मन स्कॅग्जचं शेत आणि काउंटीनं बांधलेलं ते गोल चक्कर!

"मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय," कॅलवेसाहेब अगदी मनापासून म्हणाले. "का?"

तेवढ्यात डेलमरमास्तर ताडकन उठले.

"हे माझे खुंट नाहीत! मी तर मिल रोडच्या पाठीमागे लावले होते! चांगल्या गुलाबी फिती बांधून!"

"गुलाबी..." विलोडीनच्या पायाखालची जमीनच सरकली. "डेलमर, ते तुमचे होते?"

"मग कोणाचे? शुक्रवारी सांगणार होतो! पाचवा विषय! तुम्ही पाटीच्या रंगावरून पुढे सरकाल तर ना!"

रूबी नेल नखं बघायला लागली. कॉबनं टोपी तोंडावर ओढली. पास्टर एमेट छताकडे असे बघत होते, की तिथून आत्ता कोणीतरी हाक मारणार आहे. विलोडीननं सगळ्यांकडे बघितलं आणि तिला एकदम भांड्यांची ती वरात आठवली. मिल रोडवरून चर्चकडे, चर्चवरून थर्मनकडे! तिची तिलाच लाज वाटली. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मी सरकवले," ती म्हणाली. "मला वाटलं तुमचा रस्ता येतोय. मी तो रूबी नेलच्या दारात ढकलला. साठ वर्षांपासूनची मैत्रीण माझी! आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही."

"तू?" रूबी नेल किंचाळली. "म्हणून ते पुडिंग! आणि मी मेली रात्रभर रडले, की हिला काहीतरी मोठा रोग झालाय आणि आपण हिचं पुडिंग दुसऱ्याला दिलं!"

"पण तू तरी ते पास्टरना का दिलंस?"

"तू नको विचारूस!"

"मग पास्टर, तुम्ही का—"

"भगिनी विलोडीन," पास्टर डोळे मिटून म्हणाले, "देवाच्या दारातून ट्रक जाण्यापेक्षा थर्मनच्या कुंपणातून गेलेले बरे, असं मला त्या क्षणी वाटलं. त्या क्षणी देव माझ्याजवळ नव्हता."

आता काउंटीच्या मंडळाची माणसं उघड उघड हसत होती. एक बाई तर डोळे पुसत होत्या. कॅलवेसाहेबांनी मात्र हसू आवरलं आणि कागद सरळ केले. "माफ करा, पण गाव व्हायला किमान तीनशे माणसं लागतात. या नकाशात एक आहे. अर्ज परत करावा लागेल. पुढचा विषय, स्कॅग्ज यांच्या शेतावरचा कारखाना."

संपलं! विलोडीन मटकन खाली बसली. तिला आईची कबर दिसत होती, कडेला लावलेली लॅव्हेंडरची रोपं दिसत होती. आपल्याच हातानं घालवलं हे! हॉइटनं तिचा हात हातात घेतला. तिला तो सोडवावासासुद्धा वाटला नाही.

"एक मिनिट," मागून घोगरा आवाज आला. थर्मन उभा राहिला होता. "त्या गावात मी एकटाच राहतो म्हणालात ना? मग गावातर्फे मी बोलतो."

कॅलवेसाहेब गडबडले. "बोला, मिस्टर स्कॅग्ज."

"माझं शेत विकायला कोणी काढलं?"

"म्हणजे? आपली हरकत नाही असं आम्ही धरून चाललो. कुंपणाला सूचनेची पाटी लावली होती, आपलं उत्तर आलं नाही."

"ती सेनेटरनं खाल्ली."

"कोणत्या सेनेटरनं?" कॅलवेसाहेब घाबरून म्हणाले.

"माझ्या बैलानं!"

"पण ती पांढरी गाडी?" विलोडीनला राहवलंच नाही.

"आली होती. सेनेटरनं परत पाठवली. तिचा आरसा अजून गोठ्यात पडलाय, हवा असेल तर कोणी घेऊन जा." थर्मननं हातातली हॅट फिरवली. मग हळू आवाजात म्हणाला, "कुंपणापलीकडे दफनभूमीत माझी बायको मेबल आहे. मिस विलोडीन, तुमच्या आईच्या शेजारीच. तिच्या नाकाशी मी पिसं उकळायला देईन? पण विचारलं कोणी? काउंटीनं नाही विचारलं, ते ठीक. ते कोणालाच विचारत नाहीत. पण तुम्ही? वर्षभर पंचवीस मैल गाडी हाकत इथे यायचात, यांना 'का' विचारायला. माझं फाटक वाटेत लागतं!"

विलोडीनला रडूही येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. कॅलवेसाहेबांनी कारखान्याचा कागद उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि गपचूप फायलीच्या तळाशी घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलोडीन आपला वाडगा आणायला थर्मनकडे गेली. वाडगा घासूनपुसून ठेवलेला होता आणि त्यात सेनेटरच्या कुंपणाकडेची ब्लॅकबेरी भरलेली होती. थर्मननं तिला बसायला खुर्ची दिली. दोघं ब्लॅकबेरी खात झुलत बसली.

"आम्ही पुन्हा अर्ज करतोय," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं? म्हणजे मी विचारतेय. खरंच विचारतेय."

"करा की. सही करतो. मागच्या वेळी तुम्ही नुसतं 'इथे करा' म्हणून बोट दाखवलं होतंत."

विलोडीननं मान खाली घातली. मग तिचं लक्ष समोर गेलं. थर्मनच्या उंचावरच्या पोर्चवरून अख्खी वस्ती तळहातासारखी दिसत होती. चर्चचा दरवाजा, रूबी नेलचं अंगण, मिल रोडच्या घरांची मागची परसं. तिचं खुराडंसुद्धा! आणि खुर्चीशेजारी, पाखरं बघायला ठेवलेली, एक भलीमोठी दुर्बीण.

"मिस्टर थर्मन," तिचा आवाज बारीक झाला, "तुम्ही... बघितलंत?"

"सगळं. रविवारी मास्तर खुंट ठोकताना. सोमवारी तुम्ही आणि हॉइट. हॉइटच्या पायजम्यावर बदकं आहेत."

"अहो मग एक हाक मारायची नाही का! गाव बुडालं ना आमचं!"

"मारणारच होतो!" थर्मन अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "बुधवारी हॅट घालून निघालोसुद्धा होतो. तेवढ्यात पास्टर पुडिंग घेऊन आले. त्यांच्यामागे कॉबलर आलं. मग कॅसरोल. मेबल गेल्यापासून माझ्या टेबलावर असं काही आलं नव्हतं हो! म्हटलं, एक दिवस थांबावं. कॉबच्या घरून काय येतंय ते तरी बघू!"